तुझे फोटो डब्यात ठेवले आहेत

चि. सोनूस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगायला तीनदा बसलो आणि तीनही वेळा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, गोष्टी करून फोन ठेवला. म्हणून लिहितो आहे. मामा शुक्रवारी नागपूरला येताहेत, डबा आणि हे पत्र त्यांच्याजवळ देतो.

माझं फेसबुकचं खातं मी डिलीट केलं. नुसतं बंद नाही, कायमचं. आज एकोणिसावा दिवस.

दिवाळीत तू आलीस त्याच्या दुसऱ्या रात्री मी ओसरीवर मोबाइल पाहत बसलो होतो. तू जवळ येऊन म्हणालीस, "बाबा, तुमच्या खात्यावरचे माझे सगळे फोटो काढून टाका नं." मी मान वर न करता म्हणालो, "फोटो पाहून कोणी खाते का तुले?" तू काही बोलली नाहीस. आत जाऊन आईजवळ निजलीस. तुझ्या नावाचं खोटं खातं कोणी काढलं आहे, त्यावरून तुझ्या वर्गातल्या पोरांना घाण मेसेज जाताहेत आणि महिनाभर तू हे एकटीच सोसते आहेस, हे सकाळी तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा मला कळलं. रात्रीचं माझं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही, माय.

त्या दुपारी मी ते खोटं खातं उघडून एकेक फोटो पाहिला. बारा फोटो होते. बाराही मी काढलेले, मीच टाकलेले. तुझं स्वतःचं खातं तू प्रायव्हेट करून ठेवलं होतंस, तिथून काहीच गेलं नव्हतं. समोरच्या दाराला तू कडी लावलीस आणि मागच्या वाडीचं दार मी उघडं ठेवलं.

2016 मध्ये गावात जिओचं सिम आलं आणि मी खातं काढलं. तुझा पहिला फोटो टाकला तो दुसऱ्या वर्षी, तान्ह्या पोळ्याचा, लेकरं लाकडी बैल सजवून फिरवतात त्या सणाचा. तू दहा वर्षांची होतीस. लाकडी बैलाचं चाक निखळलं होतं, तू त्याची दोरी धरून रडत होतीस आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत बोजाऱ्याची, म्हणजे सणाला मिळालेली, नाणी घट्ट धरली होतीस. मला ते इतकं गोड वाटलं की चाक बसवून द्यायच्या आधी मी फोटो काढला. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "नका नं काढू." फेसबुकचा नियमच आहे की 13 वर्षांखालच्या लेकराला खातं काढता येत नाही. तुला तिथं जायला वय लागत होतं. मी तुला तिथं नेऊन बसवलं त्याला काहीच लागलं नाही, साधं तुला विचारणंही नाही.

2023 ला दहावीचा निकाल लागला तेव्हा तर कहर केला. मार्कलिस्ट जशीच्या तशी टाकली. बोर्डाचा निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव, एवढंच लागते. दोन्ही त्या कागदावर होते. या वर्षी होस्टेलच्या फाटकासमोर तुला उभी करून फोटो काढला, मागे पाटी पूर्ण वाचता येत होती. लेक कुठं राहते हे मी शंभर अनोळखी माणसांना सांगून आलो आणि एसटीत बसून लाइक मोजत घरी आलो.

कळंबच्या ऑनलाइन सेंटरवरच्या पोराजवळ बसलो. मला वाटत होतं, आधी माझं खातं उडवावं. त्यानं थांबवलं. म्हणाला, "काका, तुमचं खातं गेलं म्हणून ते खोटं खातं जात नाही. आधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक उतरवून ठेवा, मग रिपोर्ट करा." त्या दिवशी तुला फोन करून लिंक मागितली ती त्यासाठीच. तुझ्या मोबाइलवरून तू रिपोर्ट केलास, इथून सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. पावतीचा नंबर डब्यातल्या चिठ्ठीवर आहे, जपून ठेव. चार दिवसांनी ते खातं दिसेनासं झालं. पण ते कोणी उघडलं होतं हे मला अजून माहीत नाही, आणि पुन्हा उघडलं तर ती चिठ्ठी कामी येईल.

मग माझ्या खात्याकडे वळलो. आधी सगळे फोटो उतरवून घेतले. ती फाइल तयार व्हायला वेळ लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. आपल्या कापूसवाल्यांच्या ग्रुपचं अ‍ॅडमिनपद दुसऱ्याला दिलं. नंतर सेटिंगमध्ये दोन पर्याय आले, डिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट. डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे वावर पडीत ठेवणं. पाहिजे तेव्हा पुन्हा वखर घाला, सातबारा आपलाच. डिलीट म्हणजे सातबाऱ्यावरून नावच काढणं. फेरफाराला हरकत घ्यायला 15 दिवस देतात, इथं 30 दिवस देतात. त्या 30 दिवसांत आपण परत लॉगिन केलं तर डिलीट रद्द करता येते. पुढं त्यांच्याकडचं सगळं पुसलं जायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात.

बटण दाबताना बोट थांबलं होतं, खोटं कशाला बोलू. वेचणीचा कापूस घरात टाकून झाला की रात्री तेच तर पाहत होतो. सहाव्या दिवशी तुझ्या काकांनी फोन केला की ग्रुपवर कापसाच्या भावाची चर्चा पेटली आहे, ये. अ‍ॅप मोबाइलमधून काढलं होतं म्हणून निभावलं. आता त्या वेळी मी तुझ्या आईजवळ बसून तुरी निवडतो, कधी रेडिओ लावतो. हात अजून खिशाकडे जाते.

एक गोष्ट मात्र माझ्यानं होणार नाही आणि तुला ती खरी सांगतो. ज्यांनी तुझे फोटो आपल्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवले, ते मला परत आणता येत नाहीत. मी ज्यांना मेसेजमध्ये पाठवले, त्यांच्याकडे ते तसेच राहतात. आत्याला, काकांना, माझ्या दोन मित्रांना फोन करून काढायला लावले. आत्या रडली, तिनं तुझा सातवीतला वेणीचा फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर लावला होता. बाकी कोणाकडे काय आहे, देव जाणे. 2023 मध्ये डेटाचा, म्हणजे आपल्या खासगी माहितीचा, कायदा झाला, त्यात 18 वर्षांखालच्या लेकराची माहिती वापरायला मायबापाची संमती लागते असं आहे. तशी संमती इतकी वर्षं माझ्याच हातात होती आणि मी ती अशी वापरली.

माफ कर, बाई. तू कॉलेज सोडायचं म्हणत होतीस असं आई सांगते. तसं करू नकोस असा हुकूम मी देत नाही, पण तुझं एकही पाऊल माझ्या चुकीमुळं मागं जाऊ नये एवढं मला वाटते. त्या पोरांपैकी कोणी अजून काही बोलत असेल तर मला सांग. मी तुझ्या प्राचार्यांना येऊन भेटतो. तू म्हणशील तरच येईन.

डब्यात जवसाची चटणी आहे, चिवडा आहे. तळाशी प्लास्टिकमध्ये बांधलेला पेन ड्राइव्ह आहे. 2017 पासूनचे तुझे सगळे फोटो त्यात आहेत, तान्ह्या पोळ्याचाही. सेंटरच्या कॉम्प्युटरमधून मी समोर बसून फाइल पुसायला लावली. दुसरी कॉपी माझ्याजवळ ठेवली नाही.

एकच फोटो मोबाइलमध्ये राहिला आहे, यंदाच्या सीतादहीचा, पहिल्या वेचणीच्या पूजेचा. तुझी आई दहीभात शिंपडते आहे आणि तू मागं पऱ्हाटीत उभी राहून हसते आहेस. तो कुठंच टाकलेला नाही. यवतमाळला जाऊन फ्रेम करून देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावावा असं आईच्या मनात आहे. लावू का? तुझं उत्तर मामांजवळ सांगून पाठव.

तुझा,
बाबा