फ्रिजवाल्या काकांना: आमची बॅग आता व्हॅक्यूम धरते

काका, नमस्कार.

सातपूरच्या दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत असताना तुम्ही आमच्या काचकापड आणि इपॉक्सीच्या खटाटोपाला वेळ दिलात, त्याबद्दल सगळ्यांसमोर आभार. खटाटोप असा: इपॉक्सी रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) लावलेलं काचकापड साच्यावर पसरायचं, वरून प्लास्टिकची बॅग सीलबंद करायची आणि आतली हवा पंपाने काढायची, म्हणजे बाहेरची हवा कापड साच्यावर घट्ट दाबते. रेझिनबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. लीक कसं काढायचं ते एसीच्या धंद्यातल्या माणसाकडूनच शिकावं.

पहिली गोष्ट गेजची, म्हणजे व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत दाखवणाऱ्या मीटरची. काटा 28 इंचांच्या आसपास अडला की नवखा माणूस पंपाला दोष देतो. पण गेजवरचा 30 हा समुद्रसपाटीचा हिशेब. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर, इथे हवेचा दाबच साधारण 28 इंच. आहे त्यापेक्षा जास्त हवा काढणार कुठून? आणि तेवढी गरजही नसते. 22-23 इंचांना एका चौरस फुटावर सातशे किलोंहून अधिक दाब पडतो. त्यापुढे ओढत राहिलं तर रेझिन ब्रीदरमध्ये (बॅगेखालच्या, हवा जाऊ देणाऱ्या जाड कापडात) शोषलं जातं आणि कापड कोरडं पडतं. पॉलिएस्टर रेझिन असेल तर त्यातलं स्टायरीन उकळून बुडबुडे धरतात, तिथे याहूनही कमीवर थांबायचं. आत थर्माकोलचा गाभा असेल तर 5 ते 8 इंच बास, नाहीतर गाभाच चेपतो.

दुसरी, आमचा पंप, म्हणजे जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. सक्शनची नळी बॅगेकडे, डिस्चार्ज मोकळ्या हवेत. तो गॅसच्या प्रवाहाने थंड राहायला बनवलेला, त्यामुळे निर्वातात सलग चालवला की तापतो आणि ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडतो. तुम्ही सुचवलेला व्हॅक्यूम स्विच म्हणूनच लावला: पंप 23 इंचांना बंद, 20 ला चालू. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि टाकी म्हणून 4 इंची, 10 किलो दाबाचा पीव्हीसी पाइप. एक मीटरमध्ये जवळपास 8 लिटर जागा मिळते. ड्रेनेजचा पातळ पाइप इथे वापरू नये, तो आत चेपू शकतो. लीक नसेल तर वीज गेली तरी ही टाकी बॅग काही वेळ धरून ठेवते. डिस्चार्जमधून तेल उडतं. ते बाटलीत धरायचं आणि गेलं तेवढं नवं भरायचं. बॅग आणि टाकीमध्ये रेझिन ट्रॅप (वाटेत रेझिन अडवणारं भांडं) हवाच, कारण कॉम्प्रेसरमध्ये शिरलेलं इपॉक्सी परत निघत नाही. ट्रॅपसाठी आतल्या झाकणाचा कुकर घेऊ नये: व्हॅक्यूम झाकणाला कडेपासून खाली ओढतो आणि सील सुटतं.

आता लीक. साबणाचं पाणी निर्वातात निरुपयोगी, फुगा बाहेर येण्याऐवजी पाणीच आत ओढलं जातं. म्हणून नळ्या, टाकी आणि जोड आधी सायकलच्या पंपाने 10-15 पीएसआयला भरायचे, साबण लावायचा, मगच व्हॅक्यूम मारायचा. त्यानंतर तुकड्यातुकड्याने: पंपाजवळचा व्हॉल्व्ह बंद करून काटा पाहा, मग ट्रॅपपर्यंत, मग बॅगेसकट. पाच मिनिटांत एक इंचापेक्षा जास्त पडला तर रेझिन कालवायचंच नाही. ही चाचणी कोरड्या कापडावर करायची. रेझिन ओतल्यावर लीक शोधणं म्हणजे भात करपायला लागल्यावर तांदूळ निवडणं.

बॅग मात्र कानाने तपासायची. पंप बंद, पंखा बंद, सीलंट टेपच्या (बॅग साच्याला चिकटवणाऱ्या टेपच्या) कडेने कान न्यायचा. सूं आवाज बहुतेक वेळा कोपऱ्यात किंवा चुणीच्या मुळाशी येतो. चूण घेताना टेपचा तुकडा उभा, बोटभर उंच लावून बॅगेची फिल्म त्याच्या दोन्ही बाजूंना दाबायची. आवाज येत नाही तरी काटा पडतो, तेव्हा टेपखाली काचेचा एखादा धागा आडवा गेलेला असतो. केसाएवढा धागा, पण हवा त्याच्या कडेने नळीतून यावी तशी आत येते. उपाय सोपा: साच्याच्या कडेला दोन इंच जागा मास्किंग टेपने झाकून ठेवायची, कापड कापून पसरून झालं की ती काढायची आणि मगच सीलंट टेप लावायची. तुकडा सुटावा म्हणून साच्याला लावतात ते मेण त्या पट्टीवर लागू द्यायचं नाही. एमडीएफचा साचा असेल तर लाकडातूनच हवा येते; त्याला आधी इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, किंवा सगळा साचाच बॅगेत घालावा.

थरांचा क्रम तुमच्या धंद्यातला नाही, पण विचारला होतात म्हणून: कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), छिद्रांची रिलीज फिल्म (रेझिनला न चिकटणारी), ब्रीदर, वर नायलॉनची बॅग. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हळू हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) घ्यावा, नाहीतर बॅग बंद होईपर्यंत भांड्यातच रेझिन तापून दगड होतं.

तुमची निळी चार्जिंग लाइन (गॅस भरायची नळी) अजून आमच्याकडे आहे. तिच्या नटमधला रबर वॉशर दबला होता, तो बदलून या आठवड्यात आणून देतो.

आपले,
वर्कशॉपमधली मंडळी, नाशिक