वैजू, आईंसाठी कॉस्च्यूम शिवतेय

ताळगाव
शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय वैजू,

आठ महिने झाले तुला धड काही लिहून. चवथीला मी माटोळीचा फोटो पाठवला, तू अंगठा पाठवलास, ह्याला काय बोलणं म्हणायचं? चूक माझीच, दोनदा तुझा फोन उचलला नाही आणि नंतर केलाही नाही. पण आजचं तुलाच सांगायला पाहिजे, दुसऱ्या कुणाला सांगायचं तर सगळं पहिल्यापासून समजवावं लागेल आणि समजवूनही कळणार नाही. फोनवर नको, तू मध्येच तापशील.

तब्येती बऱ्या. माझी शुगर काठावर, ह्यांची पाठ होती तशीच. आईंची केमो संपून वर्ष झालं, रिपोर्ट चांगले आले.

तर ऐक. गेल्या महिन्यात मी भाकऱ्या थापत होते आणि आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "माका एक पोंवपाचो ड्रेस शिंव गो."

पोहायचा ड्रेस! माझ्या सासूबाई, वैजू. त्याच.

मला एकदम ती दोरी दिसली. मार्च १९९९, माझ्या लग्नाला चार महिने झालेले, तू सुट्टीला आलेली, आपण दोघी करंजाळ्याला मनसोक्त डुंबून आलो आणि तू पहिल्या पगारातून आणलेला तो बॉटल ग्रीन कॉस्च्यूम मी पुढच्या दोरीवर वाळत टाकला. आईंनी तो काठीनं उचलून केरात टाकला, असली लक्तरं आमच्या दारात नकोत म्हणून. तू ओल्या केसांनी तिथेच उभी होतीस, आणि तू बोललीस, जे बोलायचं ते सगळं बोललीस, मी मात्र तोंड उघडलं नाही. बॅग घेऊन गेलीस ती आजतागायत ह्या घरात पाऊल टाकलं नाहीस. नंतर फातोर्ड्याच्या लग्नात म्हणालीस की मला तिचा राग नाही, तुझा आहे, आणि मी तिथे नारळाच्या करंज्या हातात घेऊन तुझ्याशी भांडले, की तुला बोलायला काय जातं, तू उद्या पुण्याला जाणार, मला इथे राहायचंय. त्यावर येते मी, थांब जरा.

आईंना पाण्यात जायला डॉक्टरांनीच सांगितलं. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा आखडलाय, हात खांद्याच्या वर जात नाही, शिवाय गुडघे. पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही म्हणून छातीएवढ्या पाण्यात चाला आणि हात हलवा म्हणाले. स्विमिंग पुलावर गाऊन नि सुती कपडे चालत नाहीत, धागे सुटून गाळणीत जातात. मग ह्यांनी ऑनलाइन एक्सएल मागवला. तो घालून आई बाहेर आल्या आणि काही न बोलता परत आत गेल्या. पट्टे खांद्यात रुतलेले, गळा खाली ओढलेला, आणि डाव्या बाजूचा कप रिकाम्या वाटीसारखा उभा. घडी घालून माझ्या हातात दिला, परत पाठव म्हणाल्या. त्याच्याहून मोठा मागवला, तर तो छातीला एवढा सैल की नुसतं पाणी भरेल.

हे असं का होतं ते मला आता कळलंय. कॉस्च्यूमचा साइज छातीच्या मापावर लावतात, पण वन-पीसमध्ये खरं माप असतं तो फेरा, खांद्यावरून खाली, दोन पायांमधून, मागून परत खांद्यावर. तो आखूड पडला की वरून रुततो, खालून काचतो आणि गळा उघडा पडतो, मग बाई म्हणते मला नाही हे शोभत. अगं, तिचं अंग कुठे चुकलेलं असतं, तो फेरा चुकलेला असतो. आपण ब्लाउज बेतताना मुंढ्यासाठी अर्ध्या अर्ध्या इंचावरून शिवणाच्या टीचरशी वाद घालायचो, आणि इथे आख्ख्या बाईचं माप कुणी घेतच नाही.

तर मी माप घ्यायचं ठरवलं. खोलीचा पडदा लावला, पंखा बंद केला, आई परकरावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कितें मेजूंक जाय तें मेज," आणि डोळे मिटले. वैजू, सत्तावीस वर्षांत मी त्यांना अशी पाहिली नव्हती. ड्रेसिंगला नर्स यायची तेव्हाही त्या मला बाहेर पाठवायच्या. उजवीकडून टेप वर चढून उतरतो आणि डावीकडे पाटावर ठेवल्यासारखा सपाट पडतो. छातीच्या हाडापासून काखेपर्यंत व्रणाची रेघ, काखेजवळ कातडी ओढली गेलेली, तिथे टेपची कड लागली तेव्हा त्यांनी श्वास धरला. मी टेप गळ्याच्या खळग्यात धरून उभी, माझेच हात गार पडले. फेरा एकसष्ट इंच. छाती चाळीस. मी आकडे मोठ्यानं म्हणत लिहीत होते, दुसरं काय बोलावं सुचेना, आणि मध्येच त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "हांव ल्हानपणांत पोंवतालें." कुंभारजुव्याच्या खाडीत! भावाबरोबर, परकराचा काष्टा मारून. तिथे मानगीं, मगरी आहेत ना हो, मी म्हटलं. तर म्हणाल्या, मानगीं कधी काही बोलली नाहीत, आजी बोलली. बाराव्या वर्षी बंद केलं.

मी टेप गुंडाळला आणि बाहेर येऊन फाटकाशी उभी राहिले जरा वेळ.

आता शिवणाचं सांगते, हे तुलाच आवडेल. कापड मुंबईहून मागवलं, ऐंशी टक्के नायलॉन, वीस टक्के लायक्रा, गडद निळं. दोन्हीकडून ताणतं. दहा सेंटीमीटर धरून ओढलं तर पंधरा होतं. ते सुटलं की परत दहावर आलं पाहिजे, न आलं तर ते कापड घ्यायचं नाही. आपण ब्लाउजला मापाहून दोन-चार इंच जास्त धरायचो ना, इथे उलट, मापाहून कमी कापायचं. चाळीसचं छत्तीस केलं. एवढ्या मोठ्या फेऱ्यातून मात्र चारच इंच काढले, रुतायला नको म्हणून. कात्री लावताना एवढी भीती मला लग्नाच्या शालूचा ब्लाउज कापतानाही वाटली नव्हती. आणि तुला सांगते, हे लायक्रा १९५८ सालचं, अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या केमिस्टनं शोधलं, बायकांच्या घट्ट कमरपट्ट्यातल्या रबराला काहीतरी पर्याय म्हणून. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी धाकटं, मग ऐकेल माझं.

ऐकलं कुठे. पहिली शिवण सरळ टाक्यानं घातली, नुसती ओढून पाहिली तर टर्रकन दोरा तुटला. झिगझॅग लावला तर टाके सुटायला लागले, तीन लागतात आणि चौथा गायब. दोन दिवस मशीनशी भांडले, तेल घातलं, बॉबिन बदलली, मग कळलं की सुई चुकतेय. स्ट्रेचची सुई वेगळी येते, पंच्याहत्तर नंबरची, तिचं टोक गोलसर असतं, ती कापडाचा धागा न फोडता बाजूला सारून आत जाते. ती घातल्याबरोबर एकही टाका सुटला नाही. टीचर म्हणायच्या ना, आधी कापड समजून घे मग कात्री लाव. तेव्हा तू त्यांच्या मागे तोंड वेडावायचीस!

पहिला झाला तो साधा वन-पीस, बाह्यांचा, खाली गुडघ्यापर्यंत पॅन्ट आणि वरून छोटा घेर. कोरडा असताना छान गेला. पण ओला करून काढायची वेळ आली तेव्हा डावा हात वर जाईना, ओलं कापड अंगाला चिकटलेलं, आई बाथरूममध्ये अडकल्या. मी आत गेले आणि आम्ही दोघी दहा मिनिटं तो खाली सोलत होतो. शेवटी आई हसायला लागल्या, मग मीपण. मग तो सगळा उसवला. आता समोरून नायलॉनची चेन लावलीय, म्हणजे हात वर न करता निघतो. आणि चेन मध्ये आल्यामुळे मोठी सोय झाली, डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी कापता आली. उजवीला टक्स, डावी सपाट पण गळा आणि मुंढा दोन बोटं वर चढवून, व्रण झाकला जाईल असा. डावी बाही अर्धा इंच सैल, इलॅस्टिक नाही, कारण तो हात सुजतो आणि तिथे काही घट्ट चालत नाही. आठवतं, तुझ्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या होत्या आणि तू म्हणालीस हीच फॅशन आहे? मी दोन वेगळ्या बाह्या मांडून बसले होते आणि एकटीच हसत होते.

पण खरी झोप उडवली ती आतल्या पॅडनं. हॉस्पिटलातून घेतलेला सिलिकॉनचा आहे, पण तो जड आणि महाग, तो क्लोरिनच्या पाण्यात घालायला आईंचा जीव होत नाही. म्हणून मी स्पंजचा केला, अस्तरात खिसा करून बसवला, आरशात बघितलं तर दोन्ही बाजू सारख्या. मग मला शंका आली म्हणून पिंपात पाणी भरून कॉस्च्यूम दाबून धरला, तर पॅड तरंगत वर आला, थेट गळ्याशी! विचार कर, पुलात दहा माणसं, आई पाण्यात उतरल्या आणि ते असं गळ्यापाशी आलं, तर त्या परत कधी घराबाहेर पडतील का गं? तीन रात्री मला हेच दिसत होतं. खिशाचं तोंड लहान केलं तरी फुगवटा वरच येतो. म्हटलं खाली वजन पाहिजे. ह्यांनी गरीची शिशाची बुडी आणून दिली, पण शिसं अंगाला लावायचं? ते नको.

मग आई उठल्या आणि कपाटातून बोर्नव्हिटाचा डबा घेऊन आल्या. त्यात मणी. काचेचे. त्यांनी नव्या सुनेच्या हौसेनं केलेलं मण्यांचं तोरण, दोन पोपट आणि सुस्वागतम्, तुला आठवत असेल, त्याच दारावर होतं. दोन वर्षांपूर्वी दोरा कुजून ओघळलं, ते त्यांनी एकेक वेचून ठेवलेलं. म्हणाल्या, काच उदकांत बुडता. दोन मुठी मणी, बारीक पिशवीत शिवून, पॅडच्या खालच्या कडेला टाकले, आणि स्पंजला आरपार भोकं पाडली म्हणजे पाणी आत-बाहेर होतं, हवा अडकत नाही. पिंपात सोडला. जागेवर राहिला. आई पिंपावर ओणवून बघत होत्या, हात घालून दोनदा ढकलून पाहिला.

आता तू म्हणशील, जिनं तुझा काठीनं उचलून टाकला तिच्यासाठी तू रात्री जागतेस. मी स्वतःला विचारलंय हे. त्यांनी माफी मागितलेली नाही, आणि मी ते विसरलेलेही नाही. पण टेप लावून उभी होते ना, तेव्हा मला बारा वर्षांची पोर दिसली आणि तिची आजी दिसली. माझा राग कमी झाला असं नाही म्हणत, त्याला आता एकच चेहरा राहिला नाही, एवढंच. आणि तुझ्याबद्दल सांगायचं तर तेव्हा तू बरोबर होतीस. मी घाबरले होते, आणि तुला एकटीला बोलू दिलं, आणि वर तुझ्याशीच भांडले. हे मी सव्वीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. आज म्हणते. चुकलं माझं, वैजू.

आज दुपारी मी तो साध्या पाण्यातून काढून मागच्या दोरीवर टाकला होता. संध्याकाळी बघते तर पुढे. आईंनी उचलून नेला, मागे ऊन येत नाही म्हणाल्या. खरं तर लायक्रा सावलीत वाळवायचं, उन्हानं त्याचा ताण जातो. मी काही बोलले नाही. तिथेच पायरीवर बसून राहिले अंधार पडेपर्यंत.

सोमवारी सकाळी सात वाजता पहिल्यांदा जायचंय. मी पण उतरणार आहे, माझा अजून कापायचाय, उद्या-परवात होईल. डावा गळा अजून किंचित झुकल्यावर उघडतो, आतून पातळ इलॅस्टिक घालू की कापडाचीच पट्टी? तुझा हात गळ्याला चांगला होता, लगेच कळव.

तुझं काय? मिहीरचं ॲडमिशन झालं का, बदली रद्द झाली का, तुझे दादा अजून बोलत नाहीत का? सगळं लिही. आणि तुळशीबागेत गेलीस तर सहा मिलीमीटरचं स्विमवेअरचं इलॅस्टिक बघ, इथे मिळतं ते क्लोरिननं महिन्याभरात सैल पडेल. पाच मीटर घे. कुरिअर नको करूस, डिसेंबरात घेऊन ये. उतरायचं इथेच, ह्याच घरात. आईंना विचारलंय मी. म्हणाल्या, तिला पोहता येतं ना अजून?

तुझी
लता