बागेतली पानं खाल्लेली दिसू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या यांच्यासाठी स्वयंसेवकांनी केलेल्या बागांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. छायाचित्र बहुधा रोप लावतानाचं असतं. बाग बिघडते ती मात्र त्यानंतरच्या श्रमदानांत, आणि आळसापेक्षा साफसफाईच्या उत्साहानेच जास्त.

सुरुवात रोपांच्या निवडीपासून. नुसती रंगीत फुलं लावली तर फुलपाखरं मध पिऊन निघून जातात. मादी अंडी घालते ती ठरावीक खाद्यवनस्पतींवरच: प्लेन टायगर हे फुलपाखरू रुईवर, कॉमन मॉरमॉन लिंबू-कढीपत्त्यावर, रेड पिअरो पानफुटीवर. अशी झाडं एकेकटी न लावता तीन ते पाचच्या पुंजक्याने लावावीत. एकाच लहान रोपावर बरेच सुरवंट असले तर पानं संपतात आणि उरलेले उपाशी मरतात. भरगच्च पाकळ्यांची फुलं टाळावीत. त्यांतल्या बऱ्याच फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मधमाशीच्या पदरात फारसं काही पडत नाही. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते हे खरं, पण तिची फळं खाऊन पक्षी बिया दूरवर नेतात आणि ती पसरली की बाकीची झुडपं मागे हटतात. ती लावू नये.

पानं कुरतडलेली दिसू लागली की कुणीतरी फवारणीचा पंप घेऊन येतो. त्याला अडवणं हे अशा बागेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. पानफुटीचं पान आतून पोखरलं जाऊन कुजल्यासारखं दिसतं तेव्हा आत बहुधा रेड पिअरोची अळी असते. कढीपत्त्यावर चिकटलेली पक्ष्याची विष्ठा नीट पाहिली तर ती मॉरमॉनचा कोवळा सुरवंट निघू शकते. गुलाबाच्या पानांच्या कडेला स्वच्छ अर्धगोल काप दिसले तर ते पानं कापून घरट्याला अस्तर लावणाऱ्या एकांड्या मधमाशीचं काम. लहान पक्ष्यांचं तर सांगायलाच नको: दाणे खाणाऱ्या अनेक जातीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात.

‘जैविक आहे, काही होत नाही’ हा युक्तिवादही ऐकू नये. सुरवंटांवर मारायची बीटी पावडर (जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक) कोबीवरची अळी आणि फुलपाखराची अळी यांत फरक करत नाही. रुईवर मावा फारच झाला तर पाण्याची जोरदार धार पुरते, आणि थोडा मावा राहू दिला तरच तो खाणारे लेडीबर्ड भुंगेरे येतात. विकतच्या रोपांना इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या अंगभर भिनणारं, कीटकनाशक दिलेलं असेल तर ते मधुरसात आणि परागकणांत उतरतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्यासह निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला. म्हणून नर्सरीत आधी विचारावं, किंवा बिया-फाट्यांपासून रोपं स्वतः करावीत.

आता झाडूकडे वळू. पालापाचोळ्यात पतंगांचे कोष, गोगलगायी, बेडूक, सापसुरळ्या असतात. तो वाटेवरून हटवून झुडपांच्या बुडाशी पाच ते आठ सेंटिमीटर पसरावा. खोडाला मात्र टेकू देऊ नये, नाहीतर ओलाव्याने साल कुजते. आच्छादनाच्या भरात सगळीच जमीन झाकली जाते, हा दुसरा घोटाळा. मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती पोळं न करता एकट्या राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच जमिनीत बीळ करतात. त्यांच्यासाठी उन्हाची, पाणी न साचणारी, न खणलेली एक-दोन चौरस मीटर उघडी माती सोडावी आणि तिथे पाटी लावावी, नाहीतर पुढच्याच रविवारी तिथे कुणीतरी शेवंती लावतो. गवत एकदम कापू नये. एका वेळी एक तृतीयांश पट्टा कापावा, उरलेल्यात किडे आसरा घेतात. गाजरगवत मात्र फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं.

‘मधमाशी हॉटेल’, म्हणजे एकांड्या मधमाश्यांसाठी लाकडात केलेलं घरटं, करायचंच असेल तर लहान करावं. लाकडात ३ ते १० मिलिमीटर व्यासाची, १० ते १५ सेंटिमीटर खोल, मागून बंद भोकं पाडावीत. आत कुसळं राहिली तर पंख फाटतात. पाऊस लागू देऊ नये. भिंतभर मोठी हॉटेलं छान दिसतात, पण तिथे परजीवी आणि बुरशी पटकन पसरते.

पाण्यासाठी तीन-चार सेंटिमीटर खोल पसरट भांडं, त्यात दगड. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावं आणि आठवड्यातून एकदा भांडं घासावं. तळं केलं तर एक काठ उतरता ठेवावा आणि मासे सोडू नयेत. ते बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या फस्त करतात. डासांच्या अळ्या चतुरांच्या अळ्याही खातात.

लावलेली झुडपं पहिला उन्हाळा ओलांडतात का, हे पाणी घालणाऱ्यावर ठरतं. चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप गटात ‘कोणीतरी घालेल’ असंच होतं. प्रत्येक वाफ्याला दोन नावं आणि नळाची किल्ली कुणाकडे, एवढं तरी कागदावर हवं. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून पाणी घालावं, मुळं खोल जातात.

काय साधलं ते कळायला मोजणी करावी. ५० सेंटिमीटरचा चौकोन निवडून, ऊन असताना दहा मिनिटं फुलांवर बसणारे किडे मोजावेत. मधमाशी, माशी, फुलपाखरू, भुंगेरा इतकं वर्गीकरण पुरे. फुलाचं नाव आणि वेळही लिहावी. एकही किडा आला नाही तर रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावं, कारण वर्षभराने कोरा रकाना पाहून मोजणी झाली होती की नाही हेच सांगता येत नाही.

आपले,
बागकाम करणारे काही स्वयंसेवक