नुसती लाईट असून भागत नाही

संपादक साहेब, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर संध्याकाळी व्होल्टेज 230 वरून 180 वर येतं आणि वीज खात्याकडे तक्रार केली की उत्तर काय, लाईट आहे ना मग झालं! अहो गिझरवर 230 व्होल्ट 2000 वॅट लिहिलंय म्हणजे करंट 2000 भागिले 230, साधारण 8.7 अँपिअर, आणि रेझिस्टन्स, म्हणजे कॉईलचा करंटला होणारा विरोध, 230 भागिले 8.7 म्हणजे 26.4 ओहम, कॉईल तीच असल्याने तो जवळपास तेवढाच राहतो. मग 180 ला करंट 180 भागिले 26.4, म्हणजे 6.8 आणि पॉवर 180 गुणिले 6.8, जेमतेम 1224 वॅट. व्होल्टेज 22 टक्के पडलं पण पॉवर 39 टक्के गेली! पंपाचं तर उलटं, लोड ओढायला मोटर जास्त करंट घेते नि आतलं तारेचं वाइंडिंग जळतं, मग कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, पाणी कसं द्यायचं? वीज खातेवाल्यांनो, संध्याकाळी मीटर लावून व्होल्टेज बघा आणि ट्रान्सफॉर्मर मोठा द्या.

- एक वाचक, सत्तरी