‘आला’ नको, ‘आली’ म्हणा

प्रिय आई-बाबा,

मुलगी म्हणून जगण्यासाठीचे हार्मोनचे उपचार सुरू करताना मी तुम्हाला विचारलं नाही, नुसतं कळवलं. ते मनाला लागून राहिलंय. पण निर्णय पक्का आहे. डॉक्टरांची देखरेख आहे, रक्ततपासण्या वेळेवर होतात, जेवणझोप नीट आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात, “दिसायला तर अजून तसाच आहेस.” हो, वेळ लागतो. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनने त्वचा काही महिन्यांत मऊ होते, पण अंगावरची चरबी जागा बदलायला २ ते ५ वर्षं घेते. हाडं बदलत नाहीत. आवाजही नाही, वयात येताना जाड झालेले स्वरतंतू औषधाने पातळ होत नाहीत. म्हणून आवाजाचा सराव. नुसती पट्टी चढवली की आवाज चिरका होतो आणि घसा बसतो, घुमाराही छातीतून वर तोंडात आणावा लागतो. फोनवर चेहरा नसतो, तिथे लोक आवाजावरूनच ठरवतात.

दाढीही गोळ्यांनी जात नाही. लेझर काळ्या केसांवरच चालतो. पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेक मूळ विजेच्या सुईने मारायचं. त्याआधी दोन-तीन दिवस दाढी वाढू द्यावी लागते. आई, कधी गालावर खुंट दिसले तर माझं मन बदललं असं समजू नकोस हं.

आता महत्त्वाचं. केस, भुवया, आवाज, चाल, कपडे यांवरून लोक क्षणात अंदाज बांधतात आणि मग उरलेलं सगळं त्यात बसवून घेतात. बाई मानलं की उंची ही नुसती उंची असते. शंका आली की तीच उंची पुरावा होते, नजर कंठमण्यावर जाते, हातांच्या पंजांवर जाते. ही शंका घरच्यांच्या एका क्रियापदानेही येते. चारचौघांत तुम्ही ‘आला’ म्हणालात, तर समोरचा माझ्यात पुरुष शोधू लागतो. चुकलंच तर लगेच ‘आली’ म्हणा आणि पुढे बोला. माफी मागत बसू नका, त्याने नजरा जास्त वळतात. तुम्ही दोघंच असताना माझ्याविषयी बोलाल, तेव्हाही ‘ती’च म्हणा. सवय तिथेच लागते.

पण हे झालं लोकांच्या नजरेचं. केस कापले, पँट घातली, आवाज जाड निघाला, तरी मी तुमची मुलगीच. म्हणून ‘जरा बायकांसारखी चाल’ असंही सांगू नका. ‘मुलासारखा चाल’ पुष्कळ ऐकून झालंय. आई, तू ते काळजीनेच म्हणायचीस, ठाऊक आहे मला. केस खांद्याखाली आलेत आता. तुझ्या पुढ्यात बसून विंचरून घ्यायचेत, गुंता ओढू नकोस.

बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. आणि कानातल्या मशीनची बॅटरी बदलून घ्या, आजच. माझा नवा आवाज अजून हळू निघतो.

तुमची,
लेक