विहीर बुजली, त्याबद्दल

दिमोना, इस्राएल, शनिवार रात्र

प्रिय शिऱ्या,

तुझे तीन फोन आलेले मला दिसले होते. उचलले नाहीत, कारण तू काय विचारणार ते ठाऊक होतं. आज शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार, मावळला आणि सरळ लिहायलाच बसलो.

विहीर बुजवायला मीच सांगितलं. चुलतभावावर रागावू नकोस. तो म्हणाला, घेणाऱ्याला वाडीत मधोमध विहीर नकोय, साठेखत झालंय, एवढ्यासाठी अडेल. माझी कामाची पाळी सुरू व्हायला पाच मिनिटं होती. म्हटलं, "करा काय ते." बाबांना काय कबूल केलं होतं ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. खाटेच्या दुसऱ्या बाजूला तूच बसला होतास.

तब्येत बरी आहे, रक्तदाब गोळीवर. हिचे गुडघे तसेच.

आज सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथातला तोल्दोतचा पाठ होता, इसहाकाच्या विहिरींचा. दरवर्षी ऐकतो, यंदा ऐकवेना. अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावं त्यांना परत दिली. नावंसुद्धा, शिऱ्या! तिथे माती परक्यांनी टाकली होती आणि ती काढली मुलाने. माझं नेमकं उलट झालं.

मग त्याने नव्या विहिरी खणल्या. पहिलीवर गुराखी भांडले, तिचं नाव एसेक, म्हणजे तंटा. दुसरीचं सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कुणी भांडलं नाही, म्हणून रहोबोथ, ऐसपैस जागा. आपल्या विहिरीने एसेक आणि सितना दोन्ही पाहिले. पंपाच्या पाळीवरून तुझे काका नि माझे बाबा हमरीतुमरीवर आले, बाबांनी पंपाला कुलूप घातलं, आणि तू आमचा पितळी पोहरा उचलून नेलास. मी तुला चोर म्हटलं, तर अख्खा पावसाळा तू बोलला नाहीस. मग गणपतीत स्वतःच आलास, हातात उकडीचे मोदक, पोहरा नाहीच! अजून तुझ्याकडे आहे तो.

रहोबोथनंतर इसहाक बैर-शेब्याला गेला. तिथे अबीमलेख राजाशी शपथ झाली, आणि त्याच दिवशी नोकर सांगत आले, पाणी लागलं. बैर म्हणजे विहीर, शेवा म्हणजे सात आणि शवुआ म्हणजे शपथ. त्याआधी अब्राहामाने त्याच जागी सात मेंढ्या वेगळ्या काढून दिल्या होत्या, ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून. बाबा हे सांगताना बोटावर सात मोजायचे आणि लगेच नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आमच्या बेने इस्राएल पूर्वजांच्या सात जोडप्यांवर यायचे. जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या. बाबांच्या लेखी शपथेची विहीर वाळवंटात नव्हतीच, ती आपल्या चिंचेखाली होती. मला लहानपणी तेच खरं वाटायचं, आणि खरं सांगू, आजही वाटतं.

मागच्या मंगळवारी रजा टाकून बीर शेव्याला, म्हणजे त्याच बैर-शेब्याला, गेलो. शहरात नाही, पूर्वेच्या टेकाडावर, जुन्या गावाच्या अवशेषांत. २००५ पासून ते जागतिक वारसा आहे. वेशीच्या बाहेरच खोल विहीर आहे. कठड्याला हात लावला तर दगड थंड, आपल्या विहिरीचा भर वैशाखात लागायचा तसा. आत वाकून पाहिलं, तळ दिसेना. जवळच एक एशेल वृक्ष होता. अब्राहामाने इथे लावला तो याच जातीचा म्हणतात. लांबून आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूसारखाच दिसतो. पान जिभेला लावलं, खारट. त्याच्या हिब्रू नावाच्या तीन अक्षरांतून आमचे जुने लोक तीन गोष्टी काढतात: खायला घालणं, प्यायला देणं, आणि निघालेल्याला पोचवायला जाणं. तिसरी तू केलीस. मुंबईपर्यंत आलास, विमानतळाबाहेर पहाटेपर्यंत उभा राहिलास. मी मागे वळून पाहिलं नव्हतं.

बैर-शेब्यातून सगळे निघूनच जातात बघ. इसहाकाचा मुलगा याकोब निघाला. म्हातारपणी मिसरला, म्हणजे इजिप्तला, जाताना मात्र तिथे थांबला, अर्पण केलं, रात्री "भिऊ नको" असं ऐकलं, मगच पुढे गेला. आमच्या मलिद्याच्या विधीच्या वेळी ज्याचं नाव घेतो (आणि ज्याच्या ताटातली केळी तू आधीच पळवायचास), तो एलियाहू हन्नबी, आमचा संदेष्टा, आपल्या सेवकाला तिथेच ठेवून एकटा रानात गेला आणि मरण मागत बसला. देशाची शीव तेव्हा तिथे संपायची, पुढे वाळवंट. माणूस शब्द देतो तो अशाच जागी.

मुलगा म्हणतो, बाबा, तो एक खड्डा होता. आमोस संदेष्ट्याचं वचनही त्याने ऐकवलं: बैर-शेब्याला जाऊ नका, मला शोधा म्हणजे जगाल. बरोबर आहे, दगडाला कवटाळून बसायचं नाही. पण आमोस जागेबद्दल बोलतोय, दिलेल्या शब्दाबद्दल नाही. त्या टेकाडावरच्या वेदीचे दगड लोकांनी कोठाराच्या भिंतीत बसवून टाकले होते, एकावर साप कोरलेला. १९७३ मध्ये ते सापडले. हजारो वर्षं भिंतीत राहूनही वेदीचे दगड म्हणून ओळखू आले.

आणि हागार, अब्राहामाची दासी. रोश हशानाच्या, आमच्या नव्या वर्षाच्या, पहिल्या दिवशी तिचा पाठ असतो. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपलं, पोराला झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसली. देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. देवाने विहीर खणली असं कुठे म्हटलेलं नाही. होतीच ती.

म्हणून विचारतो. किती ट्रक भराव टाकलाय? नुसता राडारोडा आहे की वरून काँक्रीट ओतलंय? आतले काळे दगड शाबूत असतील का? खरेदीखत अजून झालेलं नाही. विसार परत करून व्यवहार मोडायचं मी चुलतभावाला कळवलंय, नुकसान मी सोसेन. हनुक्काचा सण झाला की येतो.

लेकीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव, तिच्यासाठी इथून काय आणू तेही. वहिनींना नमस्कार. तुझ्या दुकानाचं काय झालं ते सविस्तर लिही.

गाळ काढणारी माणसं आधीच बघून ठेव. आणि तो पोहरा चिंच लावून घासून ठेव, पहिलं पाणी त्यानेच काढायचंय.

तुझा,
सामू