आधी कुत्रा, मग हार्नेस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. माझ्या फोनने तो मला वाचून दाखवला. लेख चांगला होता, पण फोटोखालची ओळ खटकली: ‘गळ्यातला पट्टा धरून मालकिणीला ओढत नेणारा कुत्रा’. सुनेला फोटो बघायला सांगितला. ती म्हणाली, बाईंच्या हातात पट्टा नाहीच आहे, तुमच्यासारखाच, कुत्र्याच्या अंगावरच्या हार्नेसचा दांडा आहे.

ही दुरुस्ती मी एका ओळीत कळवली असती. पण तो लेख आल्यापासून पुण्याच्या भाचीमार्फत मला निरोप येऊ लागले आहेत. मी अंध आहे आणि अमेरिकेत माझ्याकडे असा कुत्रा आहे, हे तिने कुणाला तरी सांगितलं. पुण्याच्याच एका ताईंचा निरोप असा: ‘आमच्याकडे दोन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे. सासऱ्यांची नजर गेली आहे. तिकडून एक हार्नेस पाठवून द्या. मीडियम चालेल.’ त्या ‘मीडियम चालेल’ने मला हे पत्र लिहायला बसवलं.

मी मूळची बीड जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. बरीच वर्षं न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजाराने आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं, आणि पन्नाशीपर्यंत उरलंसुरलंही गेलं. सध्याची कुत्री माझी तिसरी. तिचं नाव सांगत नाही, कारण रस्त्यात कुणी नावाने हाक मारली की तिचं लक्ष उडतं आणि ठेच मला लागते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी व्हायची. वडील तूप-हळद घेऊन बैलांचे खांदे मळत. पण त्यांचा हात वर्षभर त्या खांद्यांवर असे. नवं जू आलं की पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी तळहात फिरवून बघायचे, कुठे गरम लागतंय का, सुजलंय का. एकदा बैलाचा खांदा आला की पेरणी खोळंबली. कुत्र्याच्या हार्नेसबद्दल मला जे कळतं, त्यातलं निम्मं तिथलं आहे.

हार्नेस म्हणजे छातीवरून आडवा जाणारा पट्टा, पाठीवरचा पट्टा, पोटाखालून घोड्याला बांधतात तसा तंग, आणि या सगळ्याला जोडलेला कडक दांडा. काहींत पुढच्या दोन पायांमधून आणखी एक पट्टी तंगाला येऊन मिळते, म्हणजे छातीचा पट्टा वर सरकत नाही. इथून जवळच मॉरिसटाउनला ‘सीइंग आय’ ही शाळा आहे. १९२९ साली ती टेनेसीतल्या नॅशव्हिलला सुरू झाली आणि दोनेक वर्षांत न्यू जर्सीत आली. तिचा एक संस्थापक मॉरिस फ्रँक स्वतः अंध होता. तो आणि त्याची जर्मन शेफर्ड कुत्री बडी यांचा ब्राँझचा पुतळा गावातल्या मैदानात उभा आहे. लोक त्याचा फोटो काढतात, मी त्यावर हात फिरवला. शंभर वर्षं होत आली, पण हार्नेसची मूळ घडण अजून तीच आहे.

दांडा कडक का, तर दोर ढिला पडतो आणि त्यातून काही कळत नाही. दांड्यातून कुत्र्याचा खांदा कळतो. ती डावीकडे झुकली, थबकली, पायरीशी थांबली, की तिच्या पाठीची हालचाल त्याच क्षणी माझ्या डाव्या हातात येते. थोडी ओढ असते, नाही असं नाही, पण ती मापून ठरवलेली असते. कुत्रा देण्याआधी प्रशिक्षक स्वतः हार्नेसचं पुढचं टोक धरून कुत्रा होतो आणि आपण दांडा धरून मागे चालायचं. या खेळाला इथे ‘ज्युनो’ म्हणतात. सहा फुटी गोरा माणूस मला फुटपाथवरून ओढतोय, मध्येच ‘आता वेग बरा आहे? आता ओढ जास्त होतेय?’ असं विचारतोय, आणि मला हसू आवरत नाहीये. पण माझी चाल केवढी आणि हाताला किती ओढ सोसते, हे त्या फेऱ्यांत ठरलं. कुत्रा कोणता द्यायचा ते त्यावरून, आणि हार्नेस त्यानंतर.

माझी उंची चार फूट अकरा इंच. पहिली कुत्री जर्मन शेफर्ड, चांगली उंच. सुरुवातीला मिळालेला दांडा मला लांब होत होता. मी मागे पडायचे, ती वळून गेल्यावर वळण मला कळायचं. कोपर सारखं वर राहायचं, त्यामुळे हार्नेसही वर आणि माझ्या बाजूला कलायचा. सांगायला हवं होतं, पण मिळालंय ते गोड मानून घ्यावं ही आपली सवय. पूर्वी हार्नेस खुंटीवरून काढला की ती स्वतः डोकं आत घालायला धावायची. हळूहळू ती टेबलाखाली जाऊन बसायला लागली. मला वाटलं, आळशी झाली. मग एका रात्री तिला विंचरताना उजव्या काखेत बोटांना केसच लागेनात. कातडी गरम होती. हे बीडमध्ये पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं, पार्सिपनीत तीन आठवडे लागले. प्रशिक्षकाला फोन केला, दांडा आखूड करून घेतला, तंग तिच्या कोपरापासून दोन बोटं मागे घेतला. जखम भरेपर्यंत तिला सुट्टी, आणि मी काठी घेऊन फिरले.

तेव्हापासून मी सगळं हातानेच तपासते. छातीचा पट्टा वर गेला तर श्वासनळी दाबतो, खाली आला तर खांद्याच्या सांध्यावर बसतो आणि पाऊल आखडतं. म्हणून तिला चालवून बघायचं, नुसतं उभं करून नाही. तंगाखाली दोन बोटं सहज जावीत. हिवाळ्यात कुत्रीचं वजन वाढतं (माझंही), तेव्हा भोकं पुन्हा मोजायची.

चामड्याचा की नायलॉनचा, यावर इथे लोक हिरीरीने भांडतात. दुसऱ्या कुत्र्याला माझ्याकडे चामड्याचा होता. तो हळूहळू अंगाचा आकार घेतो, आणि दांड्यातून येणारं सगळं स्वच्छ येतं, असं मला अजूनही वाटतं. पण तो जड, पावसात भिजला की वाळायला वेळ घेतो, आणि इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चामडं खातं. दर रविवारी खोगिराच्या साबणाने पुसत बसायचे. आता बोटांना संधिवात आहे, बकल लागत नाही, म्हणून तिसरीला नायलॉनचा घेतला. त्याची बकलं खटकन लागतात, दांडा एका कळीने निघतो, आणि गाडीत किंवा विमानात ती सीटखाली नीट मावते. दांडा मात्र मी कडकच मागून घेतला. थंडीत पातळ हातमोजे घालते, कारण जाड हातमोज्यातून दांडा मुका होतो.

तोल सावरायला मदत करणाऱ्या कुत्र्यांचा हार्नेस वेगळा असतो. कुत्रा पूर्ण वाढलेला हवा, त्याची कंबर-ढोपरं डॉक्टरांनी तपासलेली हवीत. तरीही सगळा भार टाकायची ती काठी नव्हे. एका ओळखीच्या आजोबांना उठताना माझ्या कुत्रीच्या पाठीवर हात रोवायचा होता. मी नको म्हटलं, ते रागावले. रागावू देत.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सर्व्हिस डॉग’ (म्हणजे मदतनीस कुत्रा) लिहिलेल्या जॅकेटांबद्दल इतकंच सांगते की अमेरिकेच्या कायद्यात तसं जॅकेट घालायची सक्ती नाही, आणि ते घातल्याने कुत्र्याला काही येतही नाही. कुत्र्याला काम शिकवलेलं असावं लागतं.

त्या पुण्याच्या ताईंना हेच सांगायचं आहे. न शिकवलेल्या लॅब्रॅडोरला कडक दांडा लावला, तर कचराकुंडीच्या वासाकडे तो सासऱ्यांना सरळ घेऊन जाईल, आणि दांडा हातात असल्यामुळे ते त्याच्यावर विश्वास टाकून जातील. आमच्या कुत्र्यांना गाडी येत असेल तर ‘चल’ म्हटल्यावरही न चालायचं शिकवलेलं असतं. आणि ज्याला पांढऱ्या काठीने आपला रस्ता, वळणं, चौक डोक्यात ठेवून चालता येतं, त्यालाच कुत्र्याचा उपयोग होतो. कुठे जायचं ते कुत्रा ठरवत नाही, मी ठरवते. सासरे काठी वापरतात का, हे निरोपात नव्हतं. त्यांची उंची नव्हती. कुत्र्याच्या छातीचा घेर तेवढा होता, तोही दोरीने मोजलेला.

आणि सासऱ्यांना कुत्रा हवाय की नको, हेही निरोपात कुठे नव्हतं. ताईंनी आधी त्यांना विचारावं आणि मला त्यांचाच फोन येऊ द्यावा. मराठीत बोलायला मलाही कुणीतरी हवंच असतं.

आपली,
एक दृष्टिहीन वाचक, पार्सिपनी, न्यू जर्सी
(नाव छापू नये, ही विनंती.)